फोर-बाय-फोरला रॅली ट्रिपमीटर: आधी सेन्सरची जागा, मग बाकी सगळं

रॅलीत गाडीने नेमकं किती अंतर कापलं ते दाखवणाऱ्या ट्रिपमीटरचा डबा डॅशबोर्डवर बसवायला तासभर पुरतो. सेन्सरला मात्र अख्खा दिवस जातो, आणि तो जाऊ द्यावा. ट्रिपमीटर पल्स, म्हणजे सेन्सरकडून येणारे विजेचे ठोके, मोजतो, अंतर नव्हे. फिरत्या भागावरून आलेले पल्स मोजायचे, भरून ठेवलेल्या आकड्याने भागायचे आणि उत्तर दहा-दहा मीटरच्या टप्प्यांत दाखवायचं, एवढंच त्याचं काम. जुन्या स्वीडिश हल्डा ट्विनमास्टरमध्ये हा भागाकार गिअरची जोडी बदलून व्हायचा. टेराट्रिप, ब्रँट्झ, मॉनिट यांच्या यंत्रांत तोच आकडा बटणांनी भरतात. पल्स चुकीच्या ठिकाणाहून येत असतील, तर कितीही महागडं यंत्र घेतलं तरी ते चुकीचंच उत्तर दाखवणार, फक्त ठळक अक्षरांत.

साध्या कारसाठी ठरलेला सल्ला असा: जे चाक इंजिन ओढत नाही, त्यावर सेन्सर लावा. फोर-बाय-फोरमध्ये हा सल्ला लंगडा पडतो. फोर-बाय-फोरचा लिव्हर ओढला की चारही चाकं ओढणारी होतात, आणि नेमकं वाळू, चिखल, सुटी खडी आली की लिव्हर ओढला जातो. त्यामुळे इथे विचार वेगळा करावा लागतो.

पुढचं चाक, मागचं चाक की शाफ्ट

पुढच्या चाकावर सेन्सर लावायला जागा ऐसपैस असते, म्हणून तो मोह होतो. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. व्हीलबेस २.५ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याची त्रिज्या ६ मीटर धरली, तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्याची त्रिज्या ६.५ मीटर येते. पूर्ण उलटं वळवणाऱ्या एका वळणात हा फरक सुमारे १.६ मीटर. वळण डावीकडे असो की उजवीकडे, तो बेरजेतच जातो. अशी वीस वळणं झाली की तीसेक मीटर जास्त दिसतात.

मागच्या एका चाकावर सेन्सर असेल तर चूक वेगळ्या जातीची असते. चाक आतल्या बाजूला असलं की कमी मोजतं, बाहेरच्या बाजूला असलं की जास्त. डावी-उजवी वळणं साधारण सारखी असतील तर हिशेब आपोआप फिटतो. म्हणजे मागचं एक चाक लोक समजतात तेवढं वाईट नाही. पण घसरताना त्याचं काही खरं नसतं: सेन्सरवालं चाक हवेत गरगरलं तर सगळी गरगर मोजली जाते, दुसरं गरगरलं तर शून्य.

मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी घेऊनच फिरतो. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल हे काम यांत्रिकपणे करून देतं, तेही फुकटात. एक चाक घसरलं तर निम्मीच चूक आत येते. शिवाय शाफ्ट चाकापेक्षा चारेक पट वेगाने फिरत असल्यामुळे पल्स जास्त मिळतात. म्हणून आमचं मत ठाम आहे: ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या आउटपुट फ्लँजचे, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो त्या चकतीचे, बोल्ट मोजा. फ्लँज ट्रान्सफर केसच्या बॉडीच्या तुलनेत जागेवरच फिरतो, सस्पेन्शन कितीही नाचलं तरी सेन्सर आणि बोल्टमधला गॅप बदलत नाही, वायर वाकत नाही आणि ब्रेकची धगही लागत नाही.

तिथे जागा नसेल तर मागच्या डिफरन्शियलचा पिनियन फ्लँज घ्यावा. काही लँड रोव्हरमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवरच असतो, त्यामुळे तिथे हाच पर्याय उरतो. ब्रॅकेट डिफरन्शियलच्या घरालाच पकडायचा, चॅसीला नाही. यात वायरला अ‍ॅक्सलबरोबर वर-खाली व्हावं लागतं, म्हणून तिला ब्रेक होजसारखी मोकळी कमान द्यावी.

एक चूक मात्र करू नये: पार्ट-टाइम (हवं तेव्हाच पुढची चाकं जोडणाऱ्या) फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर सेन्सर. टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे हब) सुटे असले, किंवा अ‍ॅक्सल आतून तोडणारी यंत्रणा असली, की तो शाफ्ट थांबतो आणि मीटरही थांबतो. हब लॉक करून टू-हायमध्ये चालवलं तर हाच शाफ्ट न ओढणाऱ्या चाकांचं उत्तम मोजमाप देतो, पण नेव्हिगेटरचा (शेजारी बसून वाट सांगणाऱ्याचा) अख्खा हिशेब कुणाच्या तरी हब फिरवण्याच्या आठवणीवर सोडणं बरं नाही. फुल-टाइम फोर-बाय-फोरमध्ये पुढचा शाफ्ट नेहमीच फिरतो, तिथे तो चालेल.

मूळ स्पीडोमीटरकडून सिग्नल घेताना

केबलचा स्पीडोमीटर असेल तर केबलच्या मध्ये बसणारा सेन्सर हा सोपा मार्ग. केबलच्या टोकाचा चौकोन आणि नटाचे आटे जुळतात का, एवढं आधी बघायचं. जपानी पद्धतीच्या स्पीडोमीटरची केबल किलोमीटरला ६३७ फेरे घेते. त्याच गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरमध्ये फेऱ्याला ४ पल्स असतील तर किलोमीटरला २५४८ मिळतात. मोठे टायर घातले असतील तर हा आकडा खाली येतो.

इथे फोर-बाय-फोरचा खास प्रश्न आहे लो रेंजचा, म्हणजे जास्त जोरासाठी चाकांचा वेग कमी करणाऱ्या जादा गिअरचा. स्पीडोमीटरचा ड्राइव्ह ट्रान्सफर केसच्या आउटपुटवर असेल तर हाय काय, लो काय, अंतर तेच. तो गिअरबॉक्सच्या आउटपुटवर, म्हणजे लो रेंजच्या गिअरच्या आधी असेल, तर २.५ : १ च्या लो रेंजमध्ये १ किलोमीटरला २.५ किलोमीटर दिसतील. पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा तेच २०० मीटर एकदा हायमध्ये, एकदा लोमध्ये चालवून बघावेत.

दुसरी अडचण रांगत्या वेगाची. कॉइल आणि चुंबकाच्या जुन्या सेन्सरचा व्होल्टेज वेगाबरोबर पडतो. काही गाड्यांत कंट्रोल युनिट अगदी कमी वेगाला सिग्नलच शून्य करून टाकतं. रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. दगडांतून पायी चालण्याच्या वेगाने गाडी काढताना मात्र शंभर-दोनशे मीटर गायब होतात. हॉल (चुंबक ओळखणाऱ्या) किंवा इंडक्टिव्ह (जवळचा धातू ओळखणाऱ्या) सेन्सरला हा त्रास नाही, चाक कितीही हळू फिरलं तरी तो बोल्ट ओळखतो. आणि एबीएसच्या चाकाजवळच्या वायरला जोड देऊ नका. आधुनिक एबीएस सेन्सर काही मिलिअँपिअरच्या करंट-बदलातून बोलतात; त्यांच्या वायरवर दुसरा भार पडला की ब्रेकची यंत्रणाच बिघडलेली समजली जाते.

जीपीएसवर चालणारे ट्रिपमीटर घसरण्यापासून मुक्त असतात हे खरं. पण दाट झाडी आणि अरुंद दरीत ते भरकटतात, उभं राहिल्यावर काही मीटर वाढवतात, आणि नकाशावरचं सपाट अंतर मोजणारे चढावर कमी दाखवतात. २० टक्के चढावर सुमारे २ टक्के. काही स्पर्धांच्या नियमांत जीपीएसला बंदीही असते. नियमपत्रिका वाचूनच खरेदी करावी.

ब्रॅकेट आणि गॅप

गाडी सपाट जागी, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे, जॅकवर नव्हे तर स्टँडवर वजन. ट्रान्समिशनवर हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक निरुपयोगी ठरतो. डिफरन्शियल मोकळं असल्याने उचललेलं चाक फिरतं आणि गाडी सुटते. तेव्हा ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

ब्रॅकेटसाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्यावी. लांबी जमेल तेवढी कमी, आणि एक कड दुमडून किंवा अँगल वापरून ताठपणा आणावा. लांब, सरळ पट्टी इंजिनाच्या कंपनाने थरथरते आणि एका बोल्टचे दोन पल्स होतात. ट्रान्सफर केसला नवीन भोक पाडू नका. घराचे दोन बोल्ट काढून त्यांच्याखाली ब्रॅकेट धरा. मूळच्यापेक्षा ब्रॅकेटच्या जाडीएवढेच जास्त लांब बोल्ट लावा, म्हणजे आट्यांची पकड तेवढीच राहील. बोल्टचं भोक आत तेलापर्यंत जात असेल तर आट्यांना सीलंट लावावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी खाली थेंब दिसतील.

सेन्सर यंत्राबरोबर आलेला असेल तर त्याच्या कागदावरचा गॅप पाळायचा. बाजारातला एम १२ आकाराचा इंडक्टिव्ह सेन्सर वापरायचा तर त्याचा व्होल्टेज आणि एनपीएन-पीएनपी प्रकार (सिग्नलची वायर मायनसला जोडणारा की प्लसला) यंत्राला चालतो का, हे आधी तपासावं. त्याच्या तीन वायरींचे रंग ठरलेले असतात: तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. तोंड धातूत बुडवून बसवण्याच्या साध्या प्रकाराचं अंतर २ मिलिमीटर असतं, तोंड बाहेर काढून बसवायच्या प्रकाराचं ४. हे आकडे साध्या लोखंडासाठीचे आहेत. स्टेनलेसच्या बोल्टसाठी ते सुमारे ७० टक्क्यांवर येतं, अ‍ॅल्युमिनियमसाठी ४० टक्क्यांच्या आसपास. ४ मिलिमीटरच्या सेन्सरला अडीच मिलिमीटर गॅप ठेवला की पुरे.

गॅप ठेवण्याआधी दोन गोष्टी बघा. फ्लँज हाताने धरून पुढे-मागे ओढा. आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगला खेळ असेल तर तो गॅपमध्ये धरावा लागेल, आणि खेळ जास्त असेल तर आधी बेअरिंगचं काम करावं. मग चारही बोल्टांची डोकी एका उंचीवर आहेत का, ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा. तीन मूळचे आणि एक बाहेरून आणलेला अशी जोडी असली तर एक डोकं अर्धा मिलिमीटर खाली राहतं. तो बोल्ट कधी मोजला जातो, कधी नाही, आणि मग कॅलिब्रेशन कितीदाही करा, जुळत नाही. सगळेच नवे घ्या, एकाच डोक्याचे.

सेन्सरचं तोंड बोल्टच्या डोक्याच्या मध्यावर यावं. युनिव्हर्सल जॉइंटच्या तुकड्यावर किंवा शाफ्टच्या नळीवर नेम धरू नये. ते भाग सस्पेन्शनबरोबर कोन बदलतात. दोन्ही बाजूंनी चेकनट आवळा, पण एम १२ चे आटे बारीक असतात, पान्याला लोंबकळू नका. मग मागची दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रल ठेवून शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा. सेन्सरच्या पाठीवरचा एलईडी फेऱ्याला नेमका चारदा लागून विझला पाहिजे. लागणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच विझणं. बोल्टांच्या मधल्या खाचेत फ्लँजचा धातू जवळ असेल तर तो सतत पेटलेला राहतो. मग गॅप वाढवावा किंवा तोंड थोडं बाहेर सरकवावं.

चाकावरच लावायची वेळ आली तर स्टड किंवा डिस्कच्या बोल्टांवर नेम धरा आणि ब्रॅकेट कॅलिपरच्या किंवा नकलच्या (हब धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांना पकडा, म्हणजे तो हबबरोबर हलेल. साध्या इंडक्टिव्ह सेन्सरची मर्यादा बहुधा ७० अंश सेल्सिअसची असते. लांब उतारावर तापलेली डिस्क शेजारी असली की तो रुसतो आणि गार झाल्यावर शहाण्यासारखा पुन्हा चालू लागतो, त्यामुळे दोष सापडता सापडत नाही. चिखलाची चिंता नको, इंडक्टिव्ह सेन्सरला चिखल दिसतच नाही. चुंबक आणि हॉल सेन्सरच्या जोडीवर मात्र ब्रेकची लोखंडी भुकटी दाढीसारखी चिकटते, ती पुसत राहावी लागते.

वायरिंग

सेन्सरची वायर शिल्ड असलेली घ्या आणि शिल्ड फक्त ट्रिपमीटरच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं की बॉडीतून फिरणारा करंट शिल्डमधून जातो. सेन्सरची मायनस वायरही बॉडीला न लावता मीटरपर्यंतच न्यावी. मार्ग निवडताना इग्निशन कॉइल, अल्टरनेटर, रेडिओच्या अँटेनाची केबल आणि विंचच्या जाड केबली यांपासून लांब राहा. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. विंच जोर लावताना शेकडो अँपिअर खेचते, आणि तेव्हा शेजारून समांतर गेलेल्या वायरीत काय येईल ते सांगता येत नाही.

खालून वर येताना चॅसीच्या आतल्या बाजूने, जमल्यास ब्रेक पाइपच्या क्लिपांबरोबर. एक्झॉस्टपासून वीतभर तरी दूर. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून केबिनमध्ये येण्याऐवजी झोळातून टपकेल. जोड शक्यतो केबिनमध्येच द्यावा. खाली द्यावाच लागला तर पाणी ओलांडताना पाणी कुठपर्यंत चढतं त्याच्या वर, आणि सीलबंद कनेक्टरचा. नुसती टेप गुंडाळलेला जोड पहिल्या ओढ्यातच उत्तर देतो.

वीज थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज लावून घ्या. फ्यूज यंत्राच्या कागदावर सांगितला असेल तेवढाच. नुसत्या मीटरला एक-दोन अँपिअर पुरतात. स्विच स्वतंत्र ठेवा, इग्निशनच्या किल्लीवर नको. चढावर इंजिन बंद पडलं, किल्ली फिरवून पुन्हा चालू केलं आणि तेवढ्यात मीटर शून्यावर गेला, तर नेव्हिगेटरचं तोंड बघण्यासारखं होतं. ज्या यंत्रांत आकडे स्मृतीत राहतात तिथे हे टळतं. तरीही स्टार्टर फिरताना व्होल्टेज किती पडतो ते मल्टिमीटरवर एकदा बघून ठेवा.

डिस्प्लेबद्दल थोडक्यात. तो एअरबॅगच्या झाकणावर किंवा एअरबॅग उघडण्याच्या वाटेत नको, कारण उघडताना तो थेट नेव्हिगेटरच्या तोंडावर येईल. बेल्ट पूर्ण आवळून बसल्यावर न वाकता वाचता आला पाहिजे आणि बटणांपर्यंत हात पोचला पाहिजे. वर ऊन अडवणारी छोटी पट्टी, मागे रबरी वॉशर. शून्य करण्याचं वेगळं बटण वायरला लावून हातात किंवा पायापाशी देता येत असेल तर जरूर द्यावं. खडबडीत वाटेवर नेमकं छोटं बटण दाबणं अवघड जातं.

कॅलिब्रेशन

आधी कागदावर अंदाज काढा. २६५/७० आर १६ टायरचा व्यास ७७७ मिलिमीटर, परीघ २.४४ मीटर. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात एका फेऱ्यात सुमारे २.३७ मीटर पुढे जातो. किलोमीटरला ४२२ फेरे. अ‍ॅक्सलचं प्रमाण ४.१ आणि फ्लँजवर ४ बोल्ट असतील तर किलोमीटरला जवळपास ६९२० पल्स, म्हणजे साडेचौदा सेंटिमीटरला एक. ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला १९० च्या वर थोडे पल्स येतात. इंडक्टिव्ह सेन्सर हे सहज पेलतो. सहा स्टडच्या चाकावर एक पल्स चाळीसेक सेंटिमीटरचा असतो, आणि चाकावर एकच चुंबक लावला तर २.३७ मीटरचा.

हा आकडा भरून मोजलेल्या अंतरावर गाडी चालवा. स्पर्धेत आयोजकांनी कॅलिब्रेशनसाठी दिलेला टप्पा असेल तर तोच वापरायचा. त्यांचं किलोमीटर खऱ्या किलोमीटरपेक्षा थोडं कमी-जास्त असलं तरी रोडबुक, म्हणजे वाटेतल्या खुणा आणि अंतरांचं पुस्तक, त्याच मापाने लिहिलेलं असतं, आणि आपल्याला जुळायचं आहे ते रोडबुकशी. अंतर जेवढं जास्त तेवढं चांगलं. १ किलोमीटरवर १० मीटरचा शेवटचा अंक म्हणजे १ टक्का, १० किलोमीटरवर तोच अंक ०.१ टक्का.

समजा खरं अंतर १०.०० आणि मीटरवर १०.१४. यंत्रात किलोमीटरचे पल्स भरायचे असतील तर नवा आकडा = जुना × १०.१४ ÷ १०.००, म्हणजे ६९२० चे ७०१७. यंत्र चाकाचा परीघ किंवा एका पल्सचं अंतर मागत असेल तर भागाकार उलटा. हे उलटसुलट झालं की चूक दुप्पट होते आणि माणूस यंत्राला दोष देतो.

टायर गरम झाल्यावर, स्पर्धेच्या वजनासह, स्पर्धेच्याच हवेच्या दाबाने कॅलिब्रेट करा. वाळूसाठी हवा काढली की फेऱ्यातलं अंतर घटतं, म्हणून त्याचा वेगळा आकडा काढून ठेवा. पुष्कळ यंत्रांत दोन कॅलिब्रेशन ठेवता येतात. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटरने झिजली तर त्रिज्येच्या हिशेबाने २ टक्के बदलतात. स्टेपनीही तेवढीच झिजलेली हवी.

आकडे वेडे झाले तर

गाडी उभी, इंजिन चालू आणि आकडा वाढतोय: गाडी वीतभर पुढे ढकला. वाढणं थांबलं तर सेन्सर बोल्टच्या ऐन कडेवर थांबला होता आणि कंपनाने चालू-बंद होत होता. ब्रॅकेट ताठ करा, गॅप थोडा कमी करा. ढकलूनही थांबलं नाही तर विजेचा गोंगाट आहे, शिल्ड आणि वायरचा मार्ग बघा. रेडिओवर बोलताना आकडा उडी मारतो, तेही याच घरातलं दुखणं.

ठरावीक वेगापुढे कमी मोजतो: गॅप जास्त आहे किंवा ब्रॅकेट वाकतोय. सगळ्या वेगांना बरोबर तीन चतुर्थांश मोजतो: चारातला एक बोल्ट दिसत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मेला आणि तासाभराने जिवंत झाला: कनेक्टर. घसरड्या भागात जास्त आणि रस्त्यावर बरोबर: हा दोष नाही. कॅलिब्रेशनला हात लावू नका, रोडबुकच्या पुढच्या पक्क्या खुणेवर आकडा दुरुस्त करून घ्या.

रिव्हर्समध्येही पल्स येतच राहतात आणि मीटर ते बेरजेत धरतो. त्यासाठी बहुतेक यंत्रांवर प्लस, बंद, मायनस असा स्विच असतो. वाट चुकून ४०० मीटर पुढे गेलात तर वळल्याबरोबर मायनस करा, फाट्यावर परत आलात की आकडा जिथे होता तिथे आलेला असतो, मग प्लस. आणि युनिव्हर्सल जॉइंट बदलून घेतला, शाफ्ट काढून परत लावला, की मेकॅनिकने कुठले बोल्ट वापरले ते खाली वाकून बघा आणि फीलर गेज पुन्हा एकदा फिरवा.